राख वेगळी ठेवावी

पाहुणे यायला लागेपर्यंत ताजबीच्या घरात कचरा नव्हताच. भाजीचे देठ, शेण, केर, सगळं परसातल्या खताच्या खड्ड्यात, म्हणजे गायरीत जायचं. करवंट्या चुलीत, चुलीतली राख माडाच्या आळ्यात, मासे धुतलेलं पाणीही त्याच आळ्यात. फाटक्या साडीचं पायपुसणं व्हायचं, पायपुसण्याचं पोतेरं, आणि पोतेऱ्याचे धागे उरले की तेही गायरीत. टाकायचं म्हणजे कुणाच्या तरी पोटात घालायचं, माडाच्या, मातीच्या, नाहीतर कोंबडीच्या. नाटे गावाच्या पुढे खाडीच्या तोंडाशी असलेल्या त्या वाडीत हिंदूंच्या घरी असंच होतं आणि मुसलमानांच्या घरीही असंच.

मग अस्लमने, ताजबीच्या मुलाने, आखातात दम्मामला उन्हात स्वतःला भाजून घेऊन घरावर दोन खोल्या चढवल्या आणि रस्त्याला पाटी लागली, 'घरगुती राहण्याची व जेवणाची सोय'. मुंबई-पुण्याची माणसं यायला लागली. चांगली माणसं, शिकलेली. खोलीत शिरल्या शिरल्या खिडकी उघडून काय हवा आहे म्हणायची, आणि जाताना पलंगाखाली बाटल्या, थर्माकोलच्या ताटल्या, चकचकीत पाकिटं आणि पोरांचे मुतून फुगलेले लंगोट सोडून जायची. हवा तेवढी घेऊन जायची.

ग्रामपंचायतीकडे कचऱ्याची गाडी नव्हती. ताजबी विचारायला गेली तेव्हा शिपाई भिकाजी खुर्चीतून न उठता म्हणाला, "एवढा दर्या हाय समोर, तो काय नुसता बघायला ठेवलाय?" खोल्या देणारे बाकीचे लोक तेच करत होते. भरतीला पिशव्या सोडायच्या. दर्या त्या न्यायचा आणि पुढच्या वाडीच्या दारात नेऊन टाकायचा. पुढची वाडी आपल्या पिशव्या इकडे पाठवायची. कोकणात पर्यटन आलं ते असं आलं. कुणाला खोटं वाटत असेल तर त्याने ओहोटीला किनाऱ्यावर अनवाणी चालून बघावं.

ताजबीचा नवरा खलाशी होता. एका वादळात त्याला याच दर्याने ठेवून घेतलं होतं. त्या पाण्यात लंगोट सोडायला तिचा हात उठेना. मग राहिलं काय? स्वतःच्या हाताने निवडणं. ओलं गायरीत. बाटल्या पोत्यात, त्या राजापूरचा भंगारवाला न्यायचा. दारूच्या बाटल्यांना ताजबी शिवायची नाही. तिची सून नाझिया त्या चुलीच्या चिमट्याने उचलायची आणि दुसऱ्या पोत्यात टाकायची, आणि चिमटा धुताना दोघी हसायच्या. प्लास्टिक धुऊन दोरीवर वाळत घालायचं. जाणारे-येणारे म्हणायचे, ताजबीने पिशव्यांची धुणी काढलीन.

राख मात्र तिला मनापासून हवी असायची. गॅस आल्यापासून चूल एकवेळच पेटायची आणि राख पुरायची नाही. पाहुणे रात्री वाळूत कोळसे पेटवून कोंबडी भाजायचे आणि राख तिथेच टाकून यायचे. ताजबी येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची, राख वाया घालवू नका, रिकाम्या डब्यात भरून आणा आणि परसातल्या चिकूच्या फांदीला टांगा. जमिनीवर ठेवलीत तर कोंबड्या लोळून लोळून उधळतात. नाझिया नववीपर्यंत शिकलेली. तिने पुठ्ठ्यावर लिहून जिन्याला लावलं होतं, 'ओले बादलीत. बाटल्या पोत्यात. राख वेगळी ठेवावी, डबा झाडास टांगावा.' पाहुणे ते वाचायचे, हसायचे, त्याचा फोटो काढायचे आणि सगळं एकाच पिशवीत कोंबून जायचे. राखेचा डबा टांगणारा माणूस सालात एखादा.

दोन हजार चारच्या जानेवारीतली गोष्ट. एका खोलीत पुण्याची चार पोरं उतरली होती, दिवसभर समुद्रावर आणि रात्री कोळशांपाशी. दुसऱ्या खोलीसाठी दिवेलागणीला एक गाडी आली. चाळिशीतला एक गृहस्थ उतरला, अपूर्व त्याचं नाव. बहीण गाडीतच बसून राहिली. एका रात्रीपुरती खोली हवी होती. सकाळी भरतीला समुद्रावर जाऊन लगेच निघायचं होतं. ताजबीने त्याला ओलं, बाटल्या, राख, सगळं सांगितलं. कंडक्टरने पुढे सरका म्हटल्यावर लोक मान हलवतात तशी त्याने हलवली. बहिणीच्या कानावर यातलं काहीच गेलं नाही. ती मागून उतरली, हातात एक पिशवी घेऊन घराला वळसा घालून परसात गेली आणि रिकाम्या हाताने आली. वर जाण्याआधी तिने नळावर पाय धुतले. जिन्यावरचा पुठ्ठा तिने अंधारात वाचलाच नाही. मासळी नको म्हणाली. वरणभात दोघांनी खाली मान घालून खाल्ला. बहिणीचं नाव मनस्विनी. ताजबीला वाटलं, भांडण झालेलं दिसतंय.

सकाळची नमाज होईपर्यंत पुण्याची पोरं गाडी काढून निघून गेली होती. ताजबी परसात आली. चिकूच्या फांदीला एक पिशवी टांगलेली होती. पिशवीत दूध पावडरचा डबा आणि डब्यात काठोकाठ राख.

तिला इतका आनंद झाला की तिने त्या पोरांना मनातल्या मनात दुवा दिली. रात्रभर गाणी बोंबलत होती, पण ऐकलंन हो कुणीतरी. किती बारीक, किती स्वच्छ राख! नुसत्या कोळशांची अशी होत नाही, लाकूडही जाळलं असणार. मध्ये पांढरे तुकडे होते. कोंबडीचं हाड एवढं जाड नसतं, बोकडाचं असेल असं ती स्वतःशीच म्हणाली. हाडही माडाला चांगलंच. दाराशीच्या माडाचं आळं तिने फावड्याने जरा उकरलं, डबा उपडा केला, वर माती ओढली. मग नाझियाने नुकतेच बांगडे साफ केले होते त्या टोपातलं पाणी, रक्त आणि खवल्यांसकट, रोजच्यासारखं त्यावर ओतलं. डबा काथ्याने घासला आणि धुतलेल्या भांड्यांत पालथा घातला. चांगला डबा होता, घट्ट झाकणाचा.

मनस्विनी खाली आली तेव्हा ताजबी आत तांदूळ निवडत होती आणि परसात नाझिया होती. बाईने न्हाऊन पांढरी साडी नेसली होती. ती चिकूखाली उभी राहिली, वर बघितलं, बुंध्याभोवती फिरून बघितलं.

"इथे मी डबा टांगला होता."

नाझिया हुशार. तिने पालथा डबा बघितला, बाईची साडी बघितली, आणि काहीतरी चुकलंय एवढं तिला कळलं. म्हणाली, सकाळी कुत्री फिरतात म्हणून अम्मांनी आत ठेवला असेल, आणते.

"जपून आणा," मनस्विनी म्हणाली. "माझे वडील आहेत त्यात."

नाझिया पदराखाली डबा लपवून स्वयंपाकघरात आली आणि तिने दार लोटून घेतलं. काय झालं ते तिने दोन वाक्यांत सांगितलं. ताजबीच्या हातातलं सूप खाली आलं. हिंदूंची मय्यत तिने कितीदा बघितली होती, शेजारच्या काशीरामाच्या बापाच्या वेळी ती पायरीवर बसून रडलीही होती. पण अस्थी घरात आणायच्या नसतात, रात्रीपुरत्या बाहेर झाडाला टांगतात, हे तिला कुणी कधी सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कशाला? एका विहिरीवर पाणी भरलं तरी माणसं आपापलं मरण आपल्याच दारात ठेवतात.

"आता काय करायचा गो?" ती म्हणाली.

नाझियाने काय करायचं ते ठरवून टाकलं होतं. चुलीपुढे बसून ती पळीने राख डब्यात भरत होती.

"अम्मा, तुम्ही गप ऱ्हवा. राखेसारखी राख. ती घेऊन जातील, दर्यात सोडतील, त्यांचा काम होईल."

"आणि तो माणूस?"

"तो गेला. आपल्याला हयात राहायचाय. टीव्हीवर बघितलात ना काय चाललंवतं? मुसलमानाच्या घरात त्यांच्या बापाच्या राखेवर मासळीचा पाणी ओतला, ही बातमी नाट्यापातूर पोचायला किती वेळ लागतो? लोकांना निमित्त हवा असतो. आपण कशाला द्यायचा?"

यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. नाझियाला भित्री ठरवायचं असेल तर ठरवावं, पण त्या वर्षांत आपल्या देशात ज्या घरांच्या खिडक्यांतून धूर निघाला त्या घरांतल्या बायका शहाण्याच होत्या. डबा भरत आला. ताजबीच्या मनाने जवळजवळ होकार दिला होता.

तेवढ्यात नाझिया थांबली. डब्यात बघून हळू म्हणाली, "ह्यात हाडां नायत. वळखतील." आणि तिची नजर कोपऱ्यातल्या परातीवर गेली. रात्री घरच्यांसाठी मटण केलं होतं, मांजरीसाठी हाडं ठेवली होती. नाझियाने चिमटा उचलला आणि एक हाड चुलीत धरलं.

ताजबीने तिचं मनगट पकडलं. जोरात, इतकं की दोन बांगड्या पिचल्या. सुनेवर तिने त्याआधी कधी हात उचलला नव्हता. हाड चुलीत चरचरत होतं आणि त्याचा वास सुटला होता.

"सोड," ताजबी म्हणाली. "बापाच्या जागी बोकड देऊ तिला?"

नाझियाने चिमटा सोडला आणि ती तोंडात पदर कोंबून रडायला लागली. ताजबीने डब्यातली राख चुलीत परत ओतली, डबा हातात घेतला आणि दार उघडलं.

बाहेर मनस्विनी पायरीवर बसली होती. ताजबी तिच्यासमोर जमिनीवर बसली. मोकळा डबा दोघींच्या मध्ये ठेवला. सांगायचं ते तिने सरळ सांगितलं. कचरा निवडते, राख माडाला घालते, पोरांनी ठेवली असं वाटलं. माडाच्या आळ्यात ओतली. मग ताजबीने उरलेलं सांगितलं, जे न सांगता खपलं असतं.

"वर मासळीचा पाणी पण ओतला, बाय. रोज ओततो तसा."

मनस्विनीने डबा उचलून आत बघितलं. मग म्हणाली, "कुठला माड?"

ती आळ्यात गुडघ्यांवर बसली. पांढरी साडी चिखलात. तिने हात मातीत घातले, आणि मूठ वर काढली तेव्हा बोटांना खवले चिकटलेले होते, चंदेरी. ती ते खवले एकेक करून काढायला लागली. इतकी हळू की बघणाऱ्याला वाटावं, तिला दुसरं काही कामच नाही.

अपूर्व खाली आला तो याच वेळी. काय झालं ते कळल्यावर तो आधी हसला. माणसं हसतात अशा वेळी. मग त्याचा आवाज चढला. आमच्या बाबांनी आयुष्यात मासळीला हात लावला नाही, तो म्हणाला. तुम्हाला दिसत नाही, राख कसली आहे ते? की दिसलं होतं? तुम्ही मुद्दाम केलंत हे. तुमच्यातल्या लोकांना आमच्या गोष्टींची कधी किंमतच नव्हती. रस्त्यावरून काशीराम चालला होता, तो कुंपणापाशी थबकला. आतून दाराला कडी लावल्याचा आवाज आला. ती नाझिया.

ताजबी खाली बघत उभी राहिली. ज्याच्या बापाची माती झाली त्याने ओरडू नये तर कुणी ओरडावं?

"अपू, बास." मनस्विनीने मान वर केली नाही. "यांनी तुला काल राखेचं सांगितलं होतं?"

तो खिशातली गाडीची किल्ली चाचपायला लागला.

"सांगितलं होतं की नाही?"

"काहीतरी सांगत होत्या. कचऱ्याबद्दल. मी कशाला लक्ष देऊ?"

"आणि बाबांना पावडरच्या डब्यात कुणी भरलं? मी भरलं."

मग तिने ताजबीला सगळं सांगितलं, चिखलात बसूनच. वडील चिंतामणी, याच वाडीचे. चुलत्यांनी घर विकलं, ठिकाण म्हणजे घराभोवतीची जमीनही विकली, तेव्हापासून डोंबिवलीत. चाळीस वर्षांत इथलं कुणी त्यांना विचारलं नाही, आणि ते मात्र मरताना म्हणाले, मला खाडीच्या तोंडाशी सोडा. बापाच्या गावात लेकरांना भाड्याची खोली शोधावी लागली. आदल्या दिवशी दुपारी दुसऱ्या एका घरी गेले होते, त्यांच्याच जातीच्या माणसाच्या. त्याने लाल फडक्यात बांधलेलं मडकं बघितलं आणि हात जोडले. आमच्याकडे धंदा आहे, म्हणाला, सुतकाची माणसं आम्ही ठेवत नाही, बाकीचे पाहुणे बिचकतात. म्हणून मनस्विनीने खाडीच्या पुलावर गाडी थांबवून राख चहाच्या सामानातल्या डब्यात भरली, आणि मडकं आणि फडकं पाण्यात सोडून दिलं. बाप लपवून आणला. घरात नेता येत नाही म्हणून झाडाला टांगला.

"मला सांगितलं असतात तर..." ताजबी म्हणाली आणि थांबली.

"तर? तुम्ही खोली दिली असतीत?"

ताजबी लगेच हो म्हणणार होती. कुणीही म्हटलं असतं. पण ती समोर बसलेल्या बाईचे हात बघत होती, आणि तिला आठवलं की त्या रात्री दुसऱ्या खोलीत चार पोरं होती, आणि शनिवारी आणखी यायची होती.

"नाय," ती म्हणाली. "बहुतेक नसती दिली."

मनस्विनीने मान हलवली. एवढंच. रागावली नाही, आणि तेच ताजबीला सोसवेना. बाईने सकाळपासून ऐकलेलं सगळ्यात वाईट वाक्य ते होतं की काय, देव जाणे, पण त्यानंतर तिने ताजबीला त्या मातीला हात लावू दिला. कुठल्या बाजूला ओतलं ते ताजबीलाच ठाऊक होतं. दोघींनी बोटांनी माती चाळली. राख कुठली सापडायला, ती पाण्याबरोबर मुळांपर्यंत गेली होती. हाडांचे तुकडे तेवढे मिळाले, ओंजळभरही नाहीत. ताजबी एकेक तुकडा विहिरीच्या पाण्याने धुऊन तिच्या हातात देत होती. अपूर्व आधी पाठ करून उभा होता. मग केव्हातरी तोही खाली बसला, आणि त्याला एक तुकडा सापडला तेव्हा तो लहान पोरासारखा ढसाढसा रडला. काशीराम कुंपणापासून हलला नाही, पण आत आला नाही आणि कुणाला बोलवायलाही गेला नाही. तेवढं त्याचं माणूसपण नोंदवायला हवं.

दार उघडून नाझिया आली. डोळे सुजलेले. तिच्या हातात कोरं मडकं होतं, उन्हाळ्यात पाण्यासाठी म्हणून आणून ठेवलेलं. तिने ते पायरीवर ठेवलं आणि कुणाकडे न बघता आत गेली. मनस्विनीने हाडं त्या मडक्यात घातली, आणि वर आळ्यातली चार मुठी माती.

दोघं भरतीच्या पाण्यात उतरली तेव्हा ताजबी लांब सुरूच्या झाडांपाशी थांबली. तिला कुणी या म्हटलं नव्हतं आणि नकोही म्हटलं नव्हतं. मनस्विनी कमरेइतक्या पाण्यात गेली, मडकं सोडलं. ते पालथं झालं, जरा वेळ दिसलं आणि बुडालं. तिच्याजवळून आदल्या रात्रीच्या पोरांची एक ताटली तरंगत गेली. तिने ती हाताने बाजूला केली. वाळूत त्या पोरांची राख तशीच पडली होती, काळी, ओली, कोंबडीच्या हाडांसकट. त्यांनी ताजबीचं काहीएक ऐकलेलं नव्हतं.

निघताना अपूर्व गाडीत जाऊन बसला. मनस्विनी माडापाशी एकदा थांबली. वरती लागलेले नारळ बघत म्हणाली, "याचे काय करता?"

"पाहुण्यांना शहाळी देतो," ताजबी म्हणाली. मग घाईने म्हणाली, "आता नाय देणार. तोडायला सांगशील तर माड तोडीन."

कोकणात उभा माड तोडीन म्हणणं म्हणजे काय, ते कोकणातल्या माणसालाच कळेल. मनस्विनी कोकणातल्याच बापाची मुलगी, पण तिचं सगळं आयुष्य डोंबिवलीत गेलेलं. तिला ते कळलं की नाही, सांगता येत नाही. ती म्हणाली, "नको. अर्धे तिथेच आहेत ते." आणि गेली. पुन्हा कधी आली नाही. फोन नाही, पत्र नाही. का करावा तिने?

वाडीत बोभाटा झाला नाही. घर कुणी जाळलं नाही. काशीराम काही बोलला असेल तर त्याच्या बायकोपाशी. नाझियाने जिन्यावरचा पुठ्ठा त्याच दिवशी काढून चुलीत घातला. ताजबीने कचरा निवडणं सोडलं नाही, कारण तो निवडायला दुसरं कोणीच आलं नाही, पंचायतीची गाडी तर नाहीच. पण डबा दिसला की ती तो लगेच उघडायची नाही. झाकण उघडण्यापूर्वी ती हाक मारून विचारायची, हा कुणाचा, ह्यात काय हाय. पाहुण्यांना वाटायचं, म्हातारी चोरीला भिते.

आणि शनिवारी गाडी आली की किल्ली देण्याआधी ती एक प्रश्न विचारायला लागली. नाझियाने पुष्कळ सांगून बघितलं, अम्मा, असलं विचारू नका, लोक घाबरतात, दोन कुटुंबं तर तोंड वाकडं करून परत गेली. ताजबी ऐकेना. ओसरीवर उभी राहून, गाडीतून उतरणारी माणसं मोजल्यावर, ती विचारायची, "तुमच्याबरोबर आणखी कोण हाय?"

"नाही हो चाची, आम्ही एवढेच."

"असला तर लपवू नका," ती म्हणायची. "मी जागा देईन."

लोक एकमेकांकडे बघायचे. कुणीतरी हसायचं. मग पोरं ओरडत जिना चढायची, वरची खिडकी उघडल्याचा आवाज यायचा, आणि ताजबी किल्ली दिलेला हात तसाच पुढे धरून, गाडीची मागची डिकी बंद होईपर्यंत तिथेच उभी असायची.